एमआयटी की जीपीएल? ओपन सोर्स परवाना निवडण्याआधी

नोव्हेंबर २०१७ मध्ये अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी इंटेलला एक खुलं पत्र लिहिलं. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेल्या मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे ते जनक. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा एक छोटा संगणक दडलेला असतो आणि त्यावर चक्क मिनिक्स चालते, हे त्यांना बातम्यांमधून कळलं होतं. त्यांची सिस्टिम असंख्य संगणकांत जाऊन बसली होती आणि खुद्द त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. काही वर्षांपूर्वी इंटेलचे इंजिनिअर त्यांना तांत्रिक प्रश्न विचारत होते, मेमरी कमी लागावी म्हणून बदल सुचवत होते. नंतर एकदम सामसूम. पत्रात त्यांनी पैसे मागितले नाहीत, तक्रारही केली नाही. परवान्यानुसार सांगणं बंधनकारक नव्हतंच, पण सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

आता दुसरी गोष्ट. २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा वायफाय राउटर बाजारात आला. पुढच्या वर्षी काही जिज्ञासू लोकांनी तो खोलून पाहिला, तेव्हा आत लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम सापडली. लिनक्सचा परवाना जीपीएल. उपकरणाबरोबर हा कोड लोकांच्या हाती देणाऱ्याने सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला वाचता-बदलता येणारा मूळ मजकूरही, दिलाच पाहिजे, अशी त्याची अट आहे. लिंक्सिस तोवर सिस्कोच्या मालकीची झाली होती. लोकांनी मागणी लावून धरल्यावर २००३ मध्ये सोर्स कोड बाहेर आला. त्यावर हौशी प्रोग्रामर तुटून पडले आणि २००४ मध्ये त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. तो आजही शेकडो प्रकारच्या राउटरवर चालतो.

या दोन्ही गोष्टींत परवान्याने आपलं काम चोख केलं. मिनिक्सचा बीएसडी परवाना म्हणतो, ‘घेऊन जा, हवं ते कर.’ इंटेलने तेच केलं. जीपीएल म्हणतो, ‘घेऊन जा, पण पुढे देताना सगळं उघडं ठेव.’ सिस्कोला ते करावं लागलं. म्हणून परवाना निवडताना ‘कोणता चांगला?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. आपल्या कोडचं पुढे काय झालं तर आपल्याला जास्त डाचेल, हा प्रश्न कामाचा आहे. एखाद्या बड्या कंपनीने तो गुपचूप वापरला, बंद उत्पादनात घातला आणि परत काहीच दिलं नाही, हे डाचेल? की अटींना बिचकून कोणी तो वापरलाच नाही, हे डाचेल? दोन्ही गोष्टी एकाच परवान्याने टळत नाहीत.

परवानाच नसेल तर?

पुष्कळ जण कोड इंटरनेटवर टाकतात आणि परवान्याची फाइल जोडायची विसरतात, किंवा मुद्दाम जोडत नाहीत. त्यांना वाटतं, उघड्यावर ठेवलंय म्हणजे सगळ्यांसाठी खुलं. कायदा बरोबर उलटं सांगतो. बर्न या आंतरराष्ट्रीय करारातून रूढ झालेल्या तत्त्वानुसार, काहीही लिहिलं की त्यावर लेखकाचा कॉपीराइट आपोआप लागू होतो. नोंदणी लागत नाही, वर्तुळातला ‘सी’ लागत नाही. परवाना नाही म्हणजे परवानगी नाही. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सार्वजनिक ठेवलेला कोड तिथल्या नियमांनुसार इतरांना पाहता येतो, त्याची फोर्क, म्हणजे तिथेच स्वतःची प्रत, करता येते. तो स्वतःच्या उत्पादनात वापरायचा अधिकार मात्र त्यातून मिळत नाही. काळजी घेणारी कंपनी अशा कोडपासून चार हात लांब राहते. बेफिकीर माणूस उचलून नेतो. म्हणजे परवाना न लावून तुम्ही नेमका सज्जनांचाच रस्ता अडवता.

सैल परवाने

पर्मिसिव्ह म्हणजे सैल परवाने. त्यांतला सर्वांत लोकप्रिय एमआयटी. मूळ इंग्रजी मजकूर पावणेदोनशे शब्दांच्या आसपास, दोन मिनिटांत वाचून होतो. कोड वापरा, बदला, विका, बंद उत्पादनात घाला. फक्त कॉपीराइटची ओळ आणि हा मजकूर प्रतीबरोबर ठेवा, आणि काही बिघडलं तर लेखकाला जबाबदार धरू नका. संपलं. बीएसडी परवाने याच कुळातले, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेले. त्यांच्या जुन्या रूपात एक खोड होती: सॉफ्टवेअरची जाहिरात करताना विद्यापीठाचं नाव घ्यायलाच हवं. इतरांनी तो परवाना उचलून विद्यापीठाच्या जागी स्वतःचं नाव घातलं, आणि १९९७ च्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांना अशी ७५ वेगवेगळी श्रेयवाक्यं मोजता आली. शेवटी १९९९ मध्ये विद्यापीठाने ती अट काढून टाकली. परवान्यात हौसेने घातलेली एक ओळ पुढे किती त्रास देऊ शकते, याचा हा नमुना.

या गटातला तिसरा, २००४ चा अपाची २.०. हा लांब आहे, वकिली भाषेत आहे, आणि तरीही अनेकदा एमआयटीपेक्षा शहाणपणाचा आहे. कारण पेटंट. कॉपीराइट आणि पेटंट ही दोन वेगळी कुलपं आहेत. एखाद्याने तुम्हाला कोड वापरायची परवानगी दिली, पण त्या कोडमधल्या पद्धतीवर त्याचंच पेटंट असेल, तर उद्या तो त्या वाटेने तुम्हाला कोर्टात खेचू शकतो. एमआयटी पेटंटबद्दल अवाक्षर काढत नाही. अपाची २.० मध्ये कोड देणारा प्रत्येक जण त्या कोडपुरती पेटंटचीही परवानगी देतो, आणि त्याच सॉफ्टवेअरवरून कोणी पेटंटचा दावा ठोकला तर त्याला मिळालेली पेटंट परवानगी रद्द होते. हे नुसते कागदी घोडे नाहीत. फेसबुकने रिअ‍ॅक्ट ही वेबसाइटचा दर्शनी भाग बनवायची लायब्ररी (म्हणजे इतर प्रोग्रामना जोडून घ्यायचा तयार कोड) बीएसडीबरोबर स्वतःचं एक वेगळं पेटंट कलम जोडून दिली होती. फेसबुकवर पेटंटचा दावा केला, मग तो रिअ‍ॅक्टशी संबंधित नसला तरी, पेटंट परवानगी जायची. २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत अशा परवान्याचा कोड घ्यायला बंदी केली, आरडाओरडा झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फेसबुकने रिअ‍ॅक्ट साध्या एमआयटीवर आणली.

कॉपीलेफ्ट: कुलपाचाच वापर दार उघडं ठेवायला

स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. त्यांच्यापुढची अडचण साधी होती. कोड नुसता वाटून टाकला तर पुढचा माणूस त्यात चार ओळी घालून तो बंद करून विकणार, आणि ज्यांच्या हातात तो पडेल त्यांना मूळचं स्वातंत्र्य मिळणार नाही. त्यावर त्यांनी काढलेली युक्ती मला आजही चतुर वाटते. कॉपीराइट सोडून द्यायचा नाही. तो धरून ठेवायचा आणि त्याच्या जोरावर अट घालायची: हे वापर, बदल, वाट, पण वाटशील तेव्हा घेणाऱ्यालाही हेच सगळे अधिकार दे आणि सोर्स कोड दे. अट मोडली तर परवानगी गेली, आणि परवानगीशिवाय वाटणं म्हणजे सरळ कॉपीराइटचा भंग. जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी १९९१ ची, तिसरी २००७ ची.

जीपीएलबद्दल इतके गैरसमज पसरलेत की इथे जरा थांबायला हवं.

पहिला: जीपीएलचा कोड विकता येत नाही. येतो. हवी ती किंमत लावा. एवढंच की तुमच्याकडून विकत घेणारा तो पुढे फुकट वाटू शकतो आणि तुम्ही त्याला अडवू शकत नाही.

दुसरा गैरसमज असा की जीपीएलच्या कोडला हात लावला की आपला सगळा कोड जगापुढे मांडावा लागतो. अट लागू होते ती दुसऱ्याला प्रत दिल्यावर. कंपनीने जीपीएल कोड घेतला, स्वतःच्या कार्यालयात वापरण्यापुरता बदलला आणि बाहेर कोणाला दिलाच नाही, तर काहीही उघडं करायची गरज नाही. आणि बाहेर दिला, तरी सोर्सचा हक्क सर्वप्रथम ज्यांना प्रोग्राम मिळाला त्यांचा. वेबसाइटवर जाहीर करणं सोयीचं असतं म्हणून लोक करतात. दुसऱ्या आवृत्तीत सोर्स सोबत न देता ‘मागाल तेव्हा देऊ’ असं लेखी वचन देण्याचीही सोय आहे. ते वचन निदान तीन वर्षं पाळावं लागतं.

तिसरा गैरसमज अवजारांबद्दलचा. जीपीएलच्या संपादकात लिहिलेला मजकूर जीपीएल होत नाही. जीसीसी हा जीपीएलचा कंपायलर, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं अवजार, आहे, पण त्यातून कंपाइल केलेला तुमचा प्रोग्राम तुमचाच. त्याच्या रनटाइम लायब्ररीचे तुकडे तुमच्या प्रोग्राममध्ये शिरतात, म्हणून त्यांच्यासाठी खास सूट लिहून ठेवली आहे.

खरी गुंतागुंत सुरू होते ती दोन कोड एकमेकांना जोडताना. जीपीएलची लायब्ररी तुमच्या प्रोग्रामला लिंक केली, म्हणजे जोडली, तर संपूर्ण प्रोग्राम जीपीएलखाली येतो का? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन म्हणतं, येतो, मग लिंकिंग स्टॅटिक (लायब्ररी प्रोग्राममध्येच मिसळून टाकलेली) असो वा डायनॅमिक (प्रोग्राम चालताना जोडली जाणारी). काही वकील याशी सहमत नाहीत, आणि डायनॅमिक लिंकिंगवर सगळा वाद मिटवून टाकेल असा न्यायालयीन निकाल नाही. व्यवहारात मात्र बहुतेक कंपन्या फाउंडेशनचं म्हणणं धरूनच चालतात, कारण स्वतःच्या उत्पादनावर हा प्रयोग करून बघायची कोणालाच हौस नसते.

या दबावातून चांगलंही घडलं आहे. स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीला जीसीसीवर ऑब्जेक्टिव्ह-सी ही प्रोग्रामिंग भाषा बसवायची होती, पण आपला भाग बंद ठेवायचा होता. फाउंडेशनने नकार दिला. शेवटी नेक्स्टने तो कोड जीपीएलखाली दिला, आणि जीसीसीला एक नवी भाषा मिळाली. सैल परवाना असता तर हे झालं नसतं. अर्थात, पुढे अ‍ॅपलने जीसीसी सोडून सैल परवान्याच्या एलएलव्हीएम आणि क्लँग या कंपायलरच्या प्रकल्पांवर पैसा लावला, हेही याच गोष्टीचं दुसरं टोक आहे.

मधल्या पायऱ्या

कॉपीलेफ्ट म्हणजे फक्त जीपीएल नाही. त्याची तीव्रता कमीजास्त असते.

एलजीपीएल लायब्ररींसाठी आहे. लायब्ररीत केलेले बदल उघडे ठेवा, पण ती वापरणारा तुमचा प्रोग्राम बंद राहिला तरी चालेल; मात्र वापरणाऱ्याला लायब्ररीची बदललेली प्रत घालता आली पाहिजे. एमपीएल २.०, म्हणजे फायरफॉक्सवाल्या मोझिलाचा २०१२ चा परवाना, हिशोब फाइलवर लावतो. एमपीएलच्या फाइलमध्ये बदल केला तर ती फाइल उघडी. शेजारी ठेवलेल्या तुमच्या नव्या फाइली तुमच्या. मला हा परवाना त्याच्या लायकीच्या मानाने दुर्लक्षित वाटतो. ‘माझ्या कोडमधल्या सुधारणा परत मिळाव्यात, बाकी तुमच्या प्रोग्रामशी मला देणंघेणं नाही’ असं म्हणणाऱ्या माणसाला नेमकं हेच हवं असतं, आणि लिंकिंगचा तो सगळा वाद इथे जवळजवळ उरत नाही.

दुसऱ्या टोकाला एजीपीएल, नोव्हेंबर २००७ चा. जीपीएलची अट प्रत दिल्यावर लागू होते हे वर आलंच. पण सॉफ्टवेअर सर्व्हरवर चालत असेल आणि लोक ते ब्राउझरमधून वापरत असतील, तर प्रत कोणाच्याच हाती जात नाही, आणि अट कधीच लागू होत नाही. एजीपीएल ही फट बुजवतो: कोड बदलून नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलात, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स उपलब्ध करून द्या. मोठ्या कंपन्या याला भलत्याच बिचकतात. गुगलच्या जाहीर धोरणात एजीपीएलचा कोड वापरायला मनाई आहे. तुमचा प्रकल्प गुगलसारख्यांनी वापरावा अशी इच्छा असेल तर ही वाईट बातमी. त्यांनी तो उचलून त्याचीच सेवा विकू नये अशी इच्छा असेल, तर यापेक्षा बरी बातमी नाही.

निवड कशी करायची

माझ्या मते सर्वांत आधी बघायचं ते हे की तुमची वस्तू नक्की काय आहे.

एखादा फॉरमॅट किंवा प्रोटोकॉल जगाने स्वीकारावा म्हणून त्याची लायब्ररी लिहिली असेल, तर सैल परवाना घ्या. इथे खुद्द स्टॉलमनही तुमच्या बाजूने आहेत. ऑग व्हॉर्बिस हा आवाजाचा खुला फॉरमॅट पेटंटमध्ये अडकलेल्या एमपी३ ला पर्याय म्हणून आला. २००१ मध्ये त्याची लायब्ररी एलजीपीएलवरून बीएसडी पद्धतीच्या परवान्यावर नेली, तेव्हा स्टॉलमन यांनी त्याला पाठिंबा दिला. हिशोब सरळ होता: बंद प्लेअर बनवणाऱ्यांनीही तो घातला तरच एमपी३ ची मक्तेदारी सैल होणार. तसंच, फार छोट्या कोडसाठी कॉपीलेफ्टचा खटाटोप करू नका, असंही फाउंडेशन सांगतं. त्यांची मर्यादा आहे ३०० ओळी. त्याहून लहान असेल तर अपाची २.० लावा, हा त्यांचाच सल्ला.

एकाच कामाच्या दहा लायब्ररी उपलब्ध असतील आणि तुमची अकरावी असेल, तर कॉपीलेफ्ट लावून फारसं काही साधत नाही. कोणी तुमच्यासाठी स्वतःचा परवाना बदलणार नाही. दहातली दुसरी उचलेल. याउलट, ज्याला तोड नाही असं काही लिहिलं असेल तर कॉपीलेफ्टला वजन येतं. नेक्स्टने मान तुकवली, कारण जीसीसीला तेव्हा पर्याय नव्हता.

संपूर्ण प्रोग्राम असेल, म्हणजे वापरणारा तो थेट चालवतो असा संपादक, खेळ, चित्रं काढायचं साधन, तर जीपीएल लावायला बिचकण्याचं कारण कमी. वापरणाऱ्यावर त्याचं काहीच ओझं पडत नाही. अडतो फक्त तोच, ज्याला त्यावर डल्ला मारून बंद आवृत्ती विकायची आहे.

इथे वाइनची गोष्ट सांगायला हवी. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा हा प्रकल्प आधी एमआयटी छापाच्या सैल परवान्यावर होता. ट्रान्सगेमिंग नावाच्या कंपनीने तो घेऊन खेळांसाठी सुधारला आणि स्वतःची आवृत्ती विकायला लागली. त्यांच्या सुधारणा मूळ प्रकल्पात पूर्ण परत येत नव्हत्या. वाइनच्या लोकांत बराच खल झाला आणि मार्च २००२ मध्ये त्यांनी एलजीपीएल स्वीकारला. कंपनीने जुन्या सैल आवृत्तीवर आपलं काम चालू ठेवलं, तो त्यांचा हक्कच होता. पुढे टिकला आणि वाढला तो मूळ वाइन. त्याचं श्रेय एकट्या परवान्याला देणं बरोबर नाही, पण कंपन्या आणि स्वयंसेवक एकाच कोडवर काम करत असताना ‘सगळ्यांनी बदल परत द्यायचे’ हा नियम सगळ्यांनाच बरा वाटू शकतो. स्पर्धकालाही तोच नियम लागू असतो ना. लिनक्सच्या कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, एकमेकांच्या उरावर बसलेल्या कंपन्या शेजारी शेजारी काम करतात, त्यामागे हेच गणित आहे.

सर्व्हरवर चालणारं काही बनवलं असेल आणि त्यावर पोट भरायचं असेल, तर प्रश्न सर्वांत अवघड. मोंगोडीबी हा डेटाबेस एजीपीएलवर होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो एसएसपीएल या स्वतःच लिहिलेल्या आणखी कडक परवान्यावर गेला. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था त्याला ओपन सोर्स मानत नाही. इलास्टिकसर्च हे शोध घेणारं सॉफ्टवेअर अपाची २.० वर होतं. २०२१ मध्ये कंपनीने परवाना आवळला, आणि अ‍ॅमेझॉनने शेवटच्या खुल्या आवृत्तीवरून ओपनसर्च काढला. रेडिस या डेटाबेसने २०२४ च्या मार्चमध्ये बीएसडी सोडला, तर लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली त्याच्याच जुन्या कोडवरून व्हॉल्की उभा राहिला. गंमत म्हणजे इलास्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊ केला. म्हणजे सैल परवान्यावर सुरुवात, जगभर प्रसार, मग मोठ्या क्लाउड कंपन्यांशी भांडण, मग फाटाफूट, आणि शेवटी मुक्काम एजीपीएल. हे भांडण तुमच्या नशिबी येण्याची शक्यता दिसत असेल, तर पहिल्याच दिवशी एजीपीएल लावणं जास्त प्रामाणिक, असं माझं मत आहे. लोकांना आधी सैल म्हणून बोलवायचं आणि वस्ती झाली की कुंपण घालायचं, यात विश्वास जातो तो परत येत नाही.

आणखी एक वाट म्हणजे दुहेरी परवाना: मायएसक्यूएल हा डेटाबेस आणि क्यूटी हा प्रोग्राम बनवायचा संच यांनी मळवलेली. जीपीएल पटत असेल तर फुकट घ्या, नको असेल तर पैसे देऊन वेगळा परवाना घ्या. यासाठी सगळ्या कोडचे हक्क एका हाती लागतात, त्यामुळे कोड देणाऱ्यांकडून सही घ्यावी लागते. आणि सही मागितली की काही चांगले लोक तिथूनच परत जातात.

परवाने एकमेकांशी जुळतात का

सैल परवान्याचा कोड जीपीएल प्रकल्पात घालता येतो; उलटं करून प्रकल्प सैल ठेवता येत नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं. उरलेल्या निम्म्यात खाचखळगे आहेत. अपाची २.० चा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीशी जुळतो, पण दुसरीशी नाही, कारण त्यातली पेटंटची अट दुसरीला वाढीव वाटते. म्हणून ‘आवृत्ती २ किंवा नंतरची’ आणि ‘फक्त आवृत्ती २’ यांत मोठा फरक पडतो. लिनक्स फक्त दुसरीवर आहे. झेडएफएस ही सन कंपनीची फाइल सिस्टिम सीडीडीएल परवान्यावर आहे. तोही कॉपीलेफ्टच, पण दोन कॉपीलेफ्ट एकाच प्रोग्राममध्ये आपापल्या अटी सांगायला लागले की दोघांनाही एकाच वेळी खूश करता येत नाही. म्हणून ती मूळ कर्नलमध्ये नाही, आणि २०१६ मध्ये उबंटू या लिनक्सच्या लोकप्रिय अवताराने तिचं मॉड्यूल (कर्नलला जोडायचा भाग) सोबत दिलं तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने हा जीपीएलचा भंग आहे असं जाहीरपणे म्हटलं.

नंतर बदलू म्हणाल तर

एकट्याने लिहिलेला कोड असेल तर परवाना केव्हाही बदला. आधी दिलेल्या प्रती मात्र जुन्या परवान्यावरच राहतात. दहा जणांचा कोड मिसळला की कॉपीलेफ्ट प्रकल्पात त्या दहाही जणांची संमती लागते. व्हीएलसी प्लेअरच्या मंडळींनी गाभ्याची लायब्ररी जीपीएलवरून एलजीपीएलवर न्यायची ठरवली, तेव्हा वर्षानुवर्षांचे जुने सहभागी शोधून काढून त्यांची परवानगी मिळवावी लागली. बंद पडलेले ईमेल पत्ते, नोकऱ्या बदललेली माणसं, सगळं आलं. सैल प्रकल्पाला पुढचा कोड आवळणं सोपं जातं, रेडिसने दाखवलं तसं. आणि ही सोय फक्त मालकाला नाही, कोणालाही आहे.

स्वतःचा परवाना लिहायच्या फंदात पडू नका. जेएसऑन या माहिती साठवायच्या फॉरमॅटच्या कोडच्या परवान्यात एक ओळ होती: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. वाचायला गोड, पण चांगलं-वाईट ठरवणार कोण, म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन त्याला मुक्त मानत नाही आणि कित्येक प्रकल्पांनी तो कोड काढून टाकला. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवानेही लेख आणि चित्रांसाठी ठेवा. सॉफ्टवेअरला ते लावू नका, असं ती संस्थाच सांगते.

या अटी कोर्टात टिकतात का, अशी शंका पूर्वी असायची. रॉबर्ट जेकबसन यांनी खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवायचं सॉफ्टवेअर आर्टिस्टिक परवान्यावर दिलं होतं. एका व्यावसायिकाने श्रेयाच्या ओळी काढून ते वापरलं. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने म्हटलं की कोड फुकट दिला म्हणून अटी पोकळ होत नाहीत. त्या मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्येच जीपीएल मोडणाऱ्या एका कंपनीविरुद्ध मनाईहुकूम दिला होता.

परवाना ठरला की त्याचा पूर्ण, न बदललेला मजकूर रेपॉझिटरीच्या, म्हणजे कोडच्या फोल्डरच्या, मुळाशी ‘लायसन्स’ नावाच्या फाइलमध्ये ठेवा, आणि प्रत्येक सोर्स फाइलच्या माथ्यावर एसपीडीएक्सची, म्हणजे परवान्याचं प्रमाणित छोटं नाव सांगणारी, एक ओळ टाका, म्हणजे फाइल एकटी कुठे भटकली तरी तिचा परवाना तिच्याबरोबर राहील. जीपीएल घेतला असेल तर ‘फक्त’ की ‘किंवा नंतरची’ हे त्या ओळीत स्पष्ट असू द्या. आणि हे सगळं करण्याआधी नोकरीचा करार काढून वाचा: कामाच्या वेळेत किंवा कामासाठी लिहिलेला कोड बहुतेक ठिकाणी कंपनीचा असतो, आणि मग परवाना निवडायचा अधिकारही तिचाच.